सगळ्यांच्या मागे

पुणे, सोमवार रात्र

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न.

फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्या फोनचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. बाबांना ऐकू येत नाही, ते नुसतं "हो, हो" म्हणतात. मग आई फोन घेते आणि "जेवलीस का" विचारून ठेवून देते. म्हणून लिहितेय. शिवाय आज मांड्या अशा भरून आल्यात की ऑफिसात जिना उलटा, कठड्याला धरून उतरले. बसून करण्याजोगं काम एवढंच सुचलं.

आई, आधी कबुली. शनिवार-रविवार "मैत्रिणींबरोबर राजगडला जातेय" म्हणाले होते, ते अर्धंच खरं होतं. गेले राजगडलाच, पण पळायला. यावर तू काय म्हणणार ते मला इथे ऐकू येतंय: "मागे कुत्रं लागलंय का?" नाही. दीड वर्ष झालं, एक गट आहे आमचा. पन्नास-पंचावन्न लोक. डांबरी रस्त्यावर नाही, डोंगरातल्या पायवाटांवर पळतात. ट्रेल रनिंग म्हणतात त्याला. बक्षीस नाही, मेडल नाही, सगळे वर्गणी काढतात. आणि पळतात म्हणजे तरी काय, चढ लागला की सगळेच गुडघ्यांवर हात टेकून चालतात. पळणं असतं ते सपाटीला आणि उताराला. गुडघ्यांचं म्हणशील तर उतार आधी शिकवतात, मगच पळू देतात. शनिवारची सगळी दुपार त्यातच गेली. पावलं छोटी टाकायची, अंग मागे रेलायचं नाही, नजर पायाशी न ठेवता तीन-चार पावलं पुढे ठेवायची. मागे रेललं की टाच घसरते आणि माणूस बसतो. डिसेंबरात गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि खाली सगळा घसारा, त्यामुळे बसणारे पुष्कळ होते. मी दोनदा बसले. हातपाय धड आहेत.

मुक्काम गुंजवण्यात, एका घरी. भाताची कापणी होऊन गेली होती, मोकळ्या खाचरात आमच्या गाड्या. रात्री वांग्याचा रस्सा, भाकरी, इंद्रायणीचा भात. जेवणानंतर सूचना झाल्या. अंगाला सेंट, डिओ काही मारायचं नाही, गडाच्या कड्यांना आग्यामोहळं आहेत. नुसतं पाणी पीत सुटायचं नाही, घामातून मीठही जातं, तेव्हा मीठ-साखरेचं पाणी आलटून पालटून. प्रत्येकाजवळ शिट्टी हवी. आणि मग विचारलं, उद्या स्वीपर कोण?

बाबा, स्वीपर म्हणजे सगळ्यांच्या मागे राहणारा. पहाटे पुढे गेलेले लोक वाट कळावी म्हणून झाडांना फिती बांधत जातात, कापडाच्या, कारण प्लास्टिक गुरांच्या पोटात जातं. स्वीपरने त्या सोडत यायच्या, कुणी टाकलेली चिक्कीची कागदं उचलायची, आणि आपल्या मागे कुणी राहणार नाही एवढं बघायचं. कुणी हात वर करेना. पळायला आलेल्या माणसाला मागे राहायला कोण सांगणार? मी केला वर. का केला, तेव्हा मला नीट कळलं नव्हतं.

पहाटे साडेपाचला, डोक्याला बॅटऱ्या लावून निघालो. चोरदरवाज्याच्या खालच्या कातळापाशी खोळंबा झाला, एकेक करून वर जावं लागतं तिथे. पद्मावती माचीवर पोचलो तेव्हा उजाडलं होतं. ते तळं, तुम्ही आमच्या शाळेच्या सहलीला जिथे डबे खायला बसवायचात तेच. मला ती सातवीची सहल आठवली. मी सगळ्यांच्या पुढे, मास्तरांची मुलगी म्हणून भलताच तोरा, वर पोचून बसले. आणि तुम्ही आलात दीड-दोन तासांनी, तो ब वर्गातला लठ्ठ मुलगा बरोबर, रडून रडून त्याचं नाक लाल झालेलं. तोवर सगळ्यांचे डबे संपलेले. मी तुमच्याशी परतीच्या एसटीत बोलले नाही, आठवतंय? तुम्ही विचारलंही नाहीत का ते. मला वाटायचं, दुसऱ्यांच्या पोरांसाठी बाबांना वेळ आहे.

असो. संजीवनी माचीवरून आळू दरवाज्याने बाहेर पडलो आणि तोरण्याच्या धारेला लागलो. (बाबा, ती दुहेरी तटबंदी तशीच आहे, थोडी पडझड. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने जे बारा किल्ले यादीत घेतले त्यात राजगड आहे आणि तोरणा नाही, यावर तुम्ही वर्तमानपत्र आपटलं होतंत म्हणे. तोरण्याला त्याचं काही नाही, तो जिथल्या तिथे आहे.) माझ्यापुढे शेवटच्या होत्या एक काकू, साठीच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. पहिल्यांदा मी चूकच केली. त्यांच्या शेजारून चालायला लागले आणि दर पाच मिनिटांनी "बरं वाटतंय ना? दमलात का?" त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तू पुढे जा बाई, तू विचारलंस की मला दम लागतो."

तेव्हा तुमची पद्धत आठवली. तुम्ही कधी शेजारून चालायचा नाहीत. दहा पावलं मागे. आणि दमलास का कधी विचारायचा नाहीत, भलतंच काहीतरी विचारायचात, तो पलीकडचा डोंगर कुठला रे, तुमच्याकडे म्हशी किती. मीही मागे सरकले आणि विचारलं, बँकेत तुमचं टेबल कुठलं? मग काय! कर्जवसुलीच्या गोष्टी सांगत काकू खिंडीपर्यंत अशा आल्या की मला फिती सोडायला धावपळ करावी लागली. खिंडीत डांबरी रस्ता आडवा जातो, तिथे जीप उभी होती. ज्यांना थांबायचं ते तिथून वेल्ह्याला. काकूंनी जीपकडे बघितलंसुद्धा नाही. धनगराच्या घरी दोन ग्लास ताक प्यायल्या आणि निघाल्या.

शेवटचा नंबर मग लागला एका बावीस वर्षांच्या पोराचा. पहिल्या तासात सुसाट गेलेला, पाण्याशिवाय काही घेतलं नाही, आणि आता दोन्ही पोटऱ्यांत गोळे. काकू त्याच्या हातात मिठाची पुडी ठेवून पुढे गेल्या, त्याने तो आणखी खजील झाला. धारेवर पाणी कुठेच नाही, ऊन चढलेलं, वाळलेल्या कारवीतून वाट. दहा पावलं चालायचा, बसायचा. रडतोंडीच्या बुरजाखाली आलो, तिथे वर चढायचं आहे म्हटल्यावर खरोखरच रडायला लागला. बुरजाचं नाव त्याला सांगितलं नाही.

मी दहा पावलं मागे बसून राहिले. पिशवीतल्या फिती मोजल्या, एकशे चौदा होत्या. त्याचं रडून झालं तसं विचारलं, "तुमच्याकडे म्हशी किती?" तो चक्रावला. पिंपरीत फ्लॅटमध्ये राहतो, म्हशी कुठल्या! पण हसला, आणि मग आजोळच्या म्हशींचं सांगत बुधला माचीपर्यंत आला. मेंगाई देवीच्या देवळात पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. बिनी दरवाज्याने वेल्ह्यात उतरायला चार. सगळे जेवून बसले होते, आमच्या दोघांच्या भाकऱ्या तेवढ्या फडक्यात बांधून ठेवलेल्या. बाबा, त्या सहलीला तुमच्यासाठी मी काहीच ठेवलं नव्हतं.

आता पुढचं आईसाठी आहे, बाबांनी चष्मा काढावा. आई, परवा तू म्हणालीस की संध्याकाळी प्रीतिसंगमावर जाताना हे फार मागे राहतात, तू पुढे जाऊन घाटावर बसतेस आणि वाट बघून कंटाळतेस. तू त्यांच्या मागून चालून बघ. शेजारून नको, मागून. आणि गुडघा दुखतोय का, बसायचं का, असलं काही विचारू नकोस. त्या ब वर्गातल्या मुलाचं पुढे काय झालं ते विचार. त्यांना नक्की माहीत असेल, आणि ते सांगेपर्यंत घाट येईल.

चष्मा लावा बाबा. मी पुढच्या शनिवारी येतेय, सकाळच्या गाडीने. पुन्हा जानेवारीत जायचं ठरतंय आणि मीच मागे राहणार आहे. माझी प्लास्टिकची शिट्टी रविवारी वाजवून बघितली, पुढच्या वळणापलीकडे आवाज जात नाही. तुमची ती पितळी, काळ्या दोरीची, कपाटाच्या खालच्या खणात असेल तर काढून ठेवा. दोरी मी नवी घालीन.

तुमची,
ताई

ता. क. आई, डिंकाचे लाडू पाठवू नकोस, मी आले की देच. थोडे जास्तच कर, काकूंनाही द्यायचेत.