यंदा गणपतीला मी घरी नाही

जिंदाबाईन, न्यू साउथ वेल्स, ऑस्ट्रेलिया
२२ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सोमवार-मंगळवारच्या पावसाचे व्हिडिओ दादाने पाठवले. सीएसएमटी ते ठाणे लोकल बंद आणि दादा भांडुपहून रुळांच्या कडेकडेने चालत घरी आला, हे कळल्यावर मला रात्री झोप लागली नाही. आई, फोनवर तू "आम्ही मजेत आहोत गं" म्हणत होतीस आणि मागे पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता. वर्तकनगरला आल्यापासून तू तो पत्रा काढायचं म्हणतेस. काढू नकोस. तो आवाज मला फोनवर ऐकायचा असतो.

बाबा, मागच्या रविवारी तुम्ही विचारलंत, "हे काम आहे की खेळ?" फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. मागे कुणीतरी कुकर लावला होता आणि माझं घरातल्या आवाजांकडेच लक्ष होतं. म्हणून पत्र लिहितेय. ऐरोलीची चार वर्षांची नोकरी सोडून मी इथे बर्फावर स्नोबोर्डिंग शिकवते, म्हणजे नेमकं काय करते ते तुम्हाला दिसायला हवं. आणि दुसरी एक गोष्ट आहे, ती शेवटी सांगते.

सकाळी सहाला उठते. बाहेर गच्च अंधार असतो आणि खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी असते. थर्मल, त्यावर लोकरी, त्यावर गणवेशाचं लाल जाकीट. मग बस. गावापासून डोंगर अर्ध्या-पाऊण तासावर आहे. साडेआठला आम्ही सगळे शिक्षक रांगेत उभे राहतो, तेव्हा कुणाच्या वाट्याला कोणता वर्ग ते ठरतं. जितके तास शिकवलं तितक्याच तासांचा पगार. जूनमध्ये माझ्यासारख्या नवख्यांना फार तास मिळत नाहीत, म्हणून तीन आठवडे मी संध्याकाळी एका हॉटेलच्या भटारखान्यात भांडी घासली. हे तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. आता सांगते, कारण आता ती गरज उरलेली नाही.

जुलैमध्ये मी एपीएसआयची परीक्षा पास झाले. इथल्या बर्फावर शिकवणाऱ्यांची ती संस्था आहे, तिच्या चार पातळ्या असतात आणि माझी पहिली झाली. मला वाटलं होतं, मी किती छान उतरते ते बघतील. तेही बघतात, पण खरी परीक्षा शिकवण्याची असते. सोबतच्या उमेदवारांना विद्यार्थी समजून शिकवायचं आणि परीक्षक मागे उभा राहून ऐकणार. समोरच्याची चूक पायात दिसते, पण ती सुरू होते डोळ्यांपासून. तो स्वतःच्या बोर्डाकडे बघत असतो, म्हणून कमरेत वाकतो, म्हणून तोल जातो. माझा विद्यार्थी झालेल्या उमेदवाराला मी पायाबद्दल काहीच सांगितलं नाही. म्हटलं, "खाली त्या पिवळ्या दोरीकडे बघत ये." तो नीट आला. आई, परीक्षकाने विचारलं, हे कुठे शिकलीस? तुझ्या बालवाडीत पाटीवर गिरवताना पोरं मान मोडून बसायची, तेव्हा तू खडू उंच धरायचीस. तेच मी केलं होतं.

आता काम नेमकं काय ते सांगते. स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या असतात आणि पडलं की त्या बहुधा सुटतात. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात आणि पडलं तरी सुटत नाहीत. म्हणून नवा माणूस पहिल्या तासाला घाबरतो, आणि त्याचं घाबरणं बरोबरच असतं. सुरुवातीला डावा पाय पुढे की उजवा ते ठरवायचं. डावा पुढे असेल तर त्याला रेग्युलर म्हणतात, उजवा असेल तर गूफी. माणसाला पाठीतून हलकेच ढकललं की जो पाय आपसूक पुढे पडतो, बहुतेक वेळा तोच त्याचा पुढचा पाय निघतो. मग सपाट बर्फावर एकच पाय बांधून सरकायचं, दुसऱ्याने ढकलत. आणि मग पडायला शिकायचं.

पडायला शिकवणं हा माझ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे असं मला मनापासून वाटतं. पडताना माणूस हात पुढे करतो, ती शरीराची जुनी सवय आहे. पण बर्फावर तळहात टेकला की सगळा भार मनगटावर येतो आणि मनगट मोडतं. नवशिक्यांच्या दुखापतींत मनगटाची फार असतात. म्हणून पुढे पडताना मुठी मिटायच्या, गुडघे आणि कोपरापासूनचा हात टेकायचा. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची, खाली बसल्यासारखं व्हायचं आणि पाठीवर लोळायचं. हे मी प्रत्येक वर्गात आधी स्वतः पडून दाखवते, दिवसाला वीसेक वेळा. रात्री खांदे दुखतात, पण समोरची मंडळी एकदा मुद्दाम पडली की त्यांचे चेहरे बदलतात. पुढचा सगळा वर्ग त्यावर उभा असतो.

त्यानंतर कडा शिकवायच्या. बोर्डाला दोन कडा असतात, एक टाचेकडची आणि एक चवड्याकडची. उताराला तोंड करून टाचेच्या कडेवर उभं राहायचं आणि हळूहळू डावीकडे-उजवीकडे घसरत खाली यायचं, झाडाचं पान गळताना हेलकावे खातं तसं. या व्यायामाचं नावच गळतं पान आहे. उताराच्या बाजूची कड चुकून बर्फात रुतली तर माणूस असा आपटतो की छातीतली हवा जाते. माझं गुलमर्गला पहिल्या वर्षी तसं झालं होतं, बाबा. त्या १४ दिवसांच्या कोर्समध्ये मी तुम्हाला "थोडं खरचटलंय" एवढंच सांगितलं होतं. मनगटाला प्लास्टर होतं. आज ते सांगायला हरकत नाही, कारण त्या मनगटामुळेच मी पडण्याचा धडा इतका जीव लावून शिकवते.

आता एका मुलाचं सांगते. गेल्या शनिवारी पाच वर्षांचा एक मुलगा आला. आई-वडील त्याला सोडून वर लिफ्टने गेले आणि हा पहिल्याच पडण्यानंतर बर्फात आडवा झाला तो उठेना. हातमोजे काढून फेकले, नाक लाल, हुंदक्यांनी हेल्मेट हलत होतं. सोबतचा शिक्षक म्हणाला, उचल त्याला आणि आत नेऊन गरम दूध दे. आई, तू काय करायचीस ते मला लख्ख आठवलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात बालवाडीच्या दाराशी पोरं आडवी पडायची, तेव्हा तू एकालाही उचलायची नाहीस. पदर खोचून त्याच्या शेजारी जमिनीवर बसायचीस आणि स्वतःशीच काहीतरी मोजत राहायचीस. मी त्याच्या शेजारी बर्फात बसले. त्याचे हातमोजे झटकून माझ्या जाकिटात ऊब द्यायला ठेवले आणि बर्फाचे छोटे छोटे लाडू वळायला लागले. मराठीतच मोजत होते, एक, दोन, तीन. सातव्या लाडवाला हुंदका थांबला. नवव्याला तो म्हणाला, तो वाकडा झालाय. मग अकरावा त्याने वळला. साडेअकराला तो माझी दोन बोटं धरून गळतं पान करत खाली आला आणि आईला बघून "वन, टू, थ्री"ऐवजी "एक, दोन, तीन" म्हणाला. त्याच्या आईला वाटलं हे स्नोबोर्डिंगचेच शब्द आहेत.

हे काम आहे, बाबा. खेळ त्यांचा, काम माझं.

आता खास तुमच्यासाठी. मी राहते त्या जिंदाबाईनच्या तळ्याचे फोटो बघून तुम्ही म्हणालात, किती सुंदर जागा. त्या तळ्याखाली जुनं जिंदाबाईन आहे. १९४९ ते १९७४ या काळात इथे पाणी आणि विजेचा स्नोई माउंटन्स प्रकल्प झाला, तीसहून अधिक देशांतली एक लाखावर माणसं त्यावर राबली. साठच्या दशकात धरण बांधलं आणि गाव पाण्याखाली गेलं. आताचं गाव वरच्या काठावर नव्याने वसवलेलं आहे. पाणी खूप उतरलं की जुन्या चर्चच्या पायऱ्या वर येतात, असं दुकानातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं. त्या लहानपणी त्या पायऱ्यांवर खेळल्या होत्या. मी त्यांना डिंभे धरणाबद्दल सांगितलं, आपलं जुनं आंबेगाव कसं पाण्यात गेलं आणि आत्याआजी शेवटपर्यंत "घोडेगाव आमचं नाही" कशी म्हणायची, ते. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. तुम्ही इथे असता तर त्यांच्याशी तुमचं जमलं असतं, भाषा आली नसती तरी.

दरड कोसळते का, असंही तुम्ही विचारलं होतंत. मी शिकवते तो उतार अगदी मंद आहे, तिथे घाबरण्यासारखं काही नाही. पण या डोंगरांनी तेही पाहिलंय. जवळच थ्रेडबो नावाचं गाव आहे. ३० जुलै १९९७ च्या रात्री तिथे वरच्या रस्त्याचा भराव खाली आला, गळक्या नळाच्या पाण्याने तो भिजून सैल झाला होता. दोन इमारती गाडल्या गेल्या आणि १८ माणसं गेली. स्टुअर्ट डायव्हर नावाचा एकच माणूस, तोही आमच्यासारखाच बर्फावर शिकवणारा, ६५ तासांनी जिवंत बाहेर काढला. यंदा ३० जुलैला बुधवार होता आणि माझी सुट्टी. मी तिथे जाऊन उभी राहिले. आणि मला दरडीखाली गाडलं गेलेलं आपल्याकडचं माळीण गाव आठवलं, कारण तीही ३० जुलैच, २०१४ ची. तुम्ही सकाळी टीव्हीसमोर उभे होतात, चहा हातातच गार झाला होता. एसटीचा ड्रायव्हर नेहमीच्या रस्त्याने गेला आणि त्याला गावच दिसेना, हे तुम्ही मला दहा वेळा सांगितलंय. त्या दिवशी तुम्हाला फोन करायचा होता, पण मला बोलता आलं नसतं. डोंगराशी कसं वागायचं ते मी येऊरला तुमच्यामागून चालत शिकले. पावसाळ्यात ओढा ओलांडायचा नाही म्हणजे नाही. इथे सकाळी दोरी लावून एखादी वाट बंद केलेली असली की मी पलीकडे पाऊल टाकत नाही, बाकीच्यांनी कितीही आग्रह केला तरी.

आजीला सांगा, इथली झाडं बर्फातही हिरवी असतात. ही निलगिरीचीच एक जात, स्नो गम म्हणतात. वाऱ्याने पिळवटलेली, आणि ओली झाली की सालीवर तांबडे, पोपटी, राखी पट्टे उमटतात. आजीच्या जुन्या इरकलीच्या काठासारखे. मी मोबाईलवर काढलेल्या फोटोंत ते रंग येतच नाहीत.

जेवणाचं ठीक चाललंय. घरात आम्ही सहा जणी आहोत, पाच देशांच्या. पहिल्या घराच्या मालकाने अनामत रक्कम परत करायला दोन महिने लावले, पण आली एकदाची. रविवारी मी वरणभात करते, आणि एकदा मटकी मोड आणून मिसळ केली. मोड यायला तीन दिवस लागले, शेवटी भांडं हीटरवर ठेवलं. ठाण्याच्या मामलेदार मिसळीच्या तिखटाची सर नव्हती, पण दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला बरं वाटलं.

आता ती दुसरी गोष्ट. आई, मी गणपतीला येत नाहीये. तू बुधवारपर्यंत वाट बघत बसशील, म्हणून आजच लिहितेय. सीझन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपतो. इथे बर्फ ओला असतो, मधूनच पाऊस पडतो आणि दोन दिवसांत उतार करपल्यासारखा होतो. हे शेवटचे सहा आठवडे शिकवायचे सगळ्यात चांगले, कारण जूनमध्ये रडलेली पोरं आता परत येतात. तो पाच वर्षांचा मुलगा येत्या शनिवारी आणि त्याच्या पुढच्याही शनिवारी माझ्याच नावाने येणार आहे. एवढ्या लांब यायला मिळालं तेही नशिबाने. मी आले त्या वर्क अँड हॉलिडे व्हिसाला वर्षाला आपल्याकडच्या फक्त हजार जणांची नावं सोडतीत निघतात, त्यात माझं निघालं. हे अर्ध्यावर टाकून मी आले तर मला आरतीला उभं राहता येणार नाही.

सत्तावीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. दूर्वा निवडायचं माझं काम चिऊला द्या. तिला एकवीसच्या जुड्या बांधायला शिकवा, पण तिच्या हातून घेऊन बांधू नका, वेडीवाकडी झाली तरी. आणि बुधवारी शक्य असेल तर आरती सव्वाबाराला लावा. तेव्हा इथे पावणेपाच वाजलेले असतील, शेवटचा वर्ग संपलेला असेल आणि मी बूट काढून बसथांब्यावर असेन. दादाला म्हणावं, फोन समईच्या बाजूला उभा ठेव, मूर्तीसमोर नको. मला तुम्ही सगळे दिसायला हवेत.

तुमची,
छकुली