दोन खाटांमधली घोंगडी

महोदय,

हॉलीवूडच्या जुन्या प्रेमविनोदी चित्रपटांना निव्वळ स्वप्नरंजन म्हणून निकालात काढले जाते, ते मला मुळीच पटत नाही. दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांचा १९३४ सालचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ याला चोख उत्तर आहे. घरातून पळालेली धनिककन्या आणि नोकरी गमावलेला पत्रकार यांना एका खोलीत रात्र काढावी लागते, तेव्हा तो दोन खाटांमध्ये दोरी बांधून घोंगडी टांगतो. क्लॉडेट कोल्बेर आणि क्लार्क गेबल यांनी रंगवलेल्या या दोघांचे प्रेम त्या आडोशाच्या दोन्ही बाजूंनी चाललेल्या बोलण्यातूनच फुलत जाते आणि स्पर्शाविनाही प्रेक्षक त्यात गुंतून पडतो. मंदीने पिचलेल्या अमेरिकेला त्यातला बसप्रवास आणि खिशातल्या मोजक्या पैशांची ओढाताण परकी नव्हती. शिवाय नायिका शब्दाला शब्द देणारी आहे. नायकाला थांबवता न आलेली मोटार ती सहज थांबवते! सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच प्रमुख ऑस्कर मिळवणाऱ्या या कथेवरच राज कपूर-नर्गिस यांचा ‘चोरी चोरी’ (१९५६) बेतलेला होता. आपल्याकडील फिल्म सोसायट्यांनी हे दोन्ही चित्रपट लागोपाठ दाखवावेत, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक, पुणे