चियांती सोड, टायबरच्या खोऱ्यात ये

अरेझ्झो, फेब्रुवारी

प्रिय सुन्या,

तुझा इटलीतल्या सायकल सहलीचा बेत वाचला. सिएना, चियांती, ते पांढऱ्या मातीचे रस्ते आणि शेवटी फ्लोरेन्स. नकाशा मनापासून काढलायस, पण लेका, जगातला प्रत्येक सायकलवाला हाच नकाशा काढतो. चियांतीतून जाणाऱ्या 222 नंबरच्या रस्त्यावर रविवारी सकाळी भाड्याच्या मोटारींची रांग असते, आणि वळणावळणावर मोटरसायकलवाले आपापली हौस भागवत असतात. "चार दिवस कुणाचा हॉर्न ऐकू नये" असं तूच लिहिलंयस. मग निम्मे दिवस मला दे. सिएना कुठे पळून जात नाही.

अरेझ्झोहून पूर्वेला स्केज्जाची खिंड ओलांडली की टायबरचं वरचं खोरं लागतं. रोमची ती टायबर इथे अजून लहान आहे, पुलावरून तळाचे दगड दिसतात. तोस्काना, उंब्रिया आणि मार्के हे तीन प्रांत या भागात एकमेकांना भिडतात आणि उत्तरेला चौथा, एमिलिया-रोमान्या. थोडक्यात हा इटलीचा सीमाभाग आहे. तू निपाणीचा, तुला आणखी काय सांगू?

रस्ते रिकामे राहिले त्याचं कारणही तेच. रोम–फ्लोरेन्स रेल्वे आणि मोठा मोटारमार्ग दोन्ही शेजारच्या कियाना खोऱ्यातून गेले. या खोऱ्यातल्या ट्रकांसाठी ई-45 हा चौपदरी रस्ता झाला आणि त्यावर सायकलला बंदी आहे. जुने रस्ते राहिले ट्रॅक्टरवाल्यांना, पोस्टाच्या गाडीला आणि आपल्याला. डांबर कुठे कुठे फाटलंय हे आधीच सांगून ठेवतो, उतारावर नजर समोर ठेव. चढांचा स्वभावही वेगळा आहे. आंबोलीत एकदा लय लागली की माणूस गाणं म्हणत चढतो. इथे गाव टेकडीच्या डोक्यावर, पुढचं गाव पुढच्या टेकडीच्या डोक्यावर, आणि मधे प्रत्येक वेळी पार तळाला जाऊन यायचं. शेवटचा तुकडा तर दहा-बारा टक्क्यांचा, तोही नेमका गावाच्या वेशीपाशी, चार म्हातारे बाकावर बसून बघत असताना. मागे मोठं चक्र लावून आण. इथे फुशारकी कामाची नाही.

पहिला दिवस आंगियारीचा. हे गाव उंचावर आहे आणि त्याच्या मुख्य रस्त्याची गंमत अशी की तो गावातून सुटतो तो नाकासमोर सरळ खाली उतरून पठारावरून सान्सेपोल्क्रोच्या दिशेने जातो. याच पठारावर 29 जून 1440 ला फ्लोरेन्सने मिलानच्या फौजेचा पराभव केला. लिओनार्दो दा विंचीने फ्लोरेन्सच्या राजवाड्यात ज्या लढाईचं चित्र काढायला घेतलं आणि जे पुढे नाहीसं झालं, ती हीच. फ्लोरेन्सचा इतिहास लिहिणाऱ्या माकियावेलीने तर लिहून ठेवलंय की चार तासांच्या लढाईत एकच माणूस मेला, तोही घोड्यावरून पडून. इतिहासकारांना हे पटत नाही, पण त्या उतारावर ब्रेक दाबताना मला ते हटकून आठवतं.

तिथून मोंतेर्कीला वळायचं. पिएरो देल्ला फ्रांचेस्का हा चित्रकार सान्सेपोल्क्रोचा, त्याचं एक भित्तिचित्र मोंतेर्कीत एका जुन्या शाळेत ठेवलंय. चित्रात गरोदर मरियम आहे. निळा झगा पुढून उसवलेला, एक हात पोटावरच्या त्या फटीवर, चेहरा थोडा दमलेला. दोन्ही बाजूंना दोन देवदूत तंबूचा पडदा बाजूला धरून उभे आहेत. जरा वेळ बघत राहिलास की कळतं, दोघे एकाच आराखड्यावरून काढलेत, फक्त कागद उलटा केलाय, एकाला हिरवा अंगरखा आणि दुसऱ्याला लाल. पिएरो गणिती होता, काटकसर त्याच्या अंगात असणार. घामेजलेल्या जर्सीत आत जायला लाजू नकोस, सायकल बाहेर टेकवून खुशाल जा.

आता तुझ्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट. सान जुस्तीनो गावाच्या वर कोस्पाया नावाची एक वाडी आहे. 1441 मध्ये पोपने सान्सेपोल्क्रो फ्लोरेन्सला देऊन टाकलं. करारात लिहिलं की सरहद्द "रिओ" नावाच्या ओढ्यावर. पण त्या नावाचे ओढे निघाले दोन. फ्लोरेन्सने अलीकडचा धरला, पोपच्या माणसांनी पलीकडचा, आणि मधली जेमतेम सव्वातीनशे हेक्टर जमीन कुणाचीच उरली नाही. लोकांनी स्वतःला स्वतंत्र म्हणवून घेतलं आणि हे प्रजासत्ताक 1826 पर्यंत टिकलं! सैन्य नाही, कर नाही, तुरुंग नाही. आणि पोट कशावर भरायचं, तर तंबाखूवर. आजूबाजूच्या राज्यांत निर्बंध आणि जकाती, इथे मोकळं रान. नकाशातल्या चुकीने कुणाचं भलं झाल्याचं हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे. आपल्याकडचा अनुभव वेगळा, त्यावर समोरासमोर बसू तेव्हा बोलू, पत्रात लिहिलं तर दहा पानं होतील.

तंबाखू अजून पिकते. म्हणूनच मी सप्टेंबर म्हणतोय. रस्त्याकडेला तंबाखू वाळवायच्या उंच विटांच्या इमारती दिसतील. तुमची बिडीची तंबाखू उन्हावर वाळते, इथली केंटकी जातीची पानं आत टांगून खाली ओकच्या लाकडाची धग लावतात, आणि तोस्कानी सिगारसाठी ती जाते. त्या दिवसांत शेडजवळून सायकल गेली की ओल्या लाकडाचा, किंचित गोडसर धूर नाकात शिरतो. तुझ्या काकांच्या वखारीत आपण लपाछपी खेळायचो, तेव्हाच्या वासाशी याचं काही नातं आहे का ते तू येऊन ठरव. चित्ता दि कास्तेल्लोत तर अशाच जुन्या काळ्या रंगवलेल्या शेड्समध्ये आल्बेर्तो बुर्रीची प्रचंड चित्रं मांडलीत. युद्धात हा गृहस्थ डॉक्टर होता, अमेरिकेतल्या कैद्यांच्या छावणीत गोणपाटावर चित्रं काढायला लागला. मला त्यातली निम्मी कळत नाहीत. शेड मात्र फार आवडतात.

दुसरा दिवस मोंतोनेचा, आणि तो चुकवायचा नाही. चित्ता दि कास्तेल्लोहून नदीकाठाने दक्षिणेला, मग डावीकडे टेकडीवर. 1944 च्या जुलैत जर्मन या डोंगरांतून मागे हटत होते आणि त्यांच्या मागावर दहावी इंडियन डिव्हिजन होती. तिच्यात आपली मराठा लाइट इन्फंट्री, पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन. 10 जुलैला नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज तुकडीतला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. हे एकटेच पुढे धावले, हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्यानेच मारलं. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत. वय बावीस. रायगडातल्या माणगाव तालुक्याचे, पळसगावचे. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. थडगं नाही, इटलीतल्याच कास्सीनोच्या युद्धस्मारकावर नुसतं नाव कोरलंय.

मोंतोनेत 2023 च्या जुलैमध्ये त्यांच्या नावाचं स्मारक झालं आणि ते आहे चक्क एक सूर्यघड्याळ. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. घामाघूम होऊन तिथे पोचलो आणि इटालियन गावात घाडगे हे आडनाव वाचलं, तेव्हा काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. एवढं सांगतो की आजूबाजूच्या टेकड्यांकडे मी त्यानंतर वेगळ्या हिशोबाने बघायला लागलो. ज्या चढावर मी गिअर कमी करत कुरकुरतो तो चढ ही पोरं पाठीवर ओझं आणि समोर मशीनगन घेऊन चढली. तुझे आजोबा बेळगावच्या मराठा सेंटरला होते ना? त्यांचा एखादा फोटो असेल तर घेऊन ये, तिथे उभं राहून बघू.

मोंतोनेहून आल्या वाटेने परतू नकोस. कार्पिना ओढ्याच्या काठाने पिएत्रालुंगाला चढ आणि जंगलातून खाली ये. सगळ्यात निर्जन तुकडा हाच. पाणी भरून घे, दुपारी एक ते चार दुकानं मेल्यासारखी बंद असतात. वाटेत गाव लागलं आणि बार उघडा दिसला तर "च्याच्या" माग. जाड तव्यावर भाजलेली पोळी, आपल्या भाकरीसारखीच, आत पालेभाजी किंवा चीज. तू मांस खात नाहीस हे आधीच सांग, नाहीतर हॅम घालूनच देतील.

पाय उरलेच तर सान जुस्तीनोहून बोक्का त्राबारिया, 1049 मीटर, वळणावळणांचा लांबलचक घाट. शनिवार-रविवारी मात्र नको, मोटरसायकलवाल्यांनाही तो तितकाच आवडतो.

सायकलचं सांगतो. रोमहून अरेझ्झोला प्रादेशिक गाडीने ये, तिच्यात सायकल अख्खी चढते, तिचं वेगळं तिकीट काढायचं. जलद गाडीत सुटी करून पिशवीत भरावी लागते आणि तू ती पुन्हा जोडेपर्यंत मी म्हातारा होईन. सप्टेंबरच्या मधल्या दोन आठवड्यांपैकी कुठला ते ठरव आणि महिनाअखेर कळव, मला इथे रजा आधी टाकावी लागते. वहिनींना आणि काकूंना नमस्कार. येताना कांदा-लसूण मसाला आण, अर्धा किलो तरी, मागच्या वेळेसारखा चिमूटभर नको.

तुझा,
अभ्या