बागेची खुशाली

लाइपझिग (जर्मनी),
२४ मे २०२५

ती. बाबांना आणि ती. सौ. आईला शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचे पत्र पोचले. माझी प्रकृती उत्तम आहे आणि नोकरी सुरळीत चालू आहे. बाकीचे फोनवर होतच असते. हे पत्र मुख्यतः बागेविषयी आहे, कारण फोनवर तो विषय निघाला की आई गप्प होते आणि माझे सांगणे अर्धवट राहते.

सर्वांत आधी आत्यांचा गैरसमज दूर करावा. मी इथे जमीन विकत घेतलेली नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना भाजीपाला लावता यावा म्हणून शहराच्या कडेला राखून ठेवलेल्या बागांपैकी एक तुकडा मला भाडेपट्ट्याने मिळाला आहे. अशा बागा श्रेबर या डॉक्टरांच्या नावाने ओळखल्या जातात आणि त्या नावाचा पहिला संघ १८६४ साली याच शहरात स्थापन झाला. आता त्यांच्यासाठी १९८३ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार तुकडा शक्यतो ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसतो, त्यातली झोपडी ओसरीसह २४ चौरस मीटरच्या वर जाऊ शकत नाही आणि तिथे कायम राहण्यास मनाई आहे. म्हणजे ‘तिकडे घर बांधले’ या बातमीत तथ्य नाही. भाडेही त्या भागातल्या फळे-भाज्यांच्या शेतजमिनीच्या खंडाच्या चौपटीपर्यंतच आकारता येते, त्यामुळे वर्षाचा खर्च किरकोळ आहे. शिवाय साधारण एक तृतीयांश जागेत फळे आणि भाज्या असाव्याच लागतात. तेव्हा “एवढे शिकून शेवटी मातीतच हात घालायचे का,” या प्रश्नाचे उत्तर असे की निदान कायद्याने तरी घालावेच लागतात.

बाबांनी कांद्याचे विचारले होते. आपल्याकडचा कांदा इथे लावून उपयोग नाही. तो लहान दिवसांत गाठ धरणारा आहे आणि इथे जूनमध्ये दिवस सोळा तासांहून मोठा होतो. एवढा उजेड मिळाला की पात वाढण्याआधीच तो गाठ धरू लागतो आणि हाती सुपारीएवढे कांदे येतात. म्हणून मी इथले, मोठ्या दिवसाचे वाण लावले आहे. कोथिंबिरीचेही दुखणे तेच आहे. मे-जूनमध्ये पेरली तर पाने धरण्याऐवजी ती फुलोऱ्यावर जाते. तिला अर्धवट सावलीचा वाफा द्यावा किंवा सरळ ऑगस्टमध्ये पेरावी. इथे रोप निवडताना मातीपेक्षा आधी दिवसाची लांबी पाहावी, असे माझे मत झाले आहे. टोमॅटोवर मात्र प्लास्टिकचे छप्पर घातले आहे. ते उन्हासाठी नसून पावसासाठी आहे, कारण पाने ओली राहिली की बाबांच्या परिचयाचा तोच करपा इथेही येतो.

आता इथली एक रीत सांगते. ती मला अजून पुरती उमगलेली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मे महिन्याच्या ११ ते १५ या पाच तारखा पाच संतांच्या आहेत. मामेर्टुस, पांक्राटियुस, सेर्वाटियुस, बोनिफाटियुस आणि शेवटची ‘थंड सोफी’. सगळे मिळून बर्फाचे संत. सोफीचा दिवस उलटल्याशिवाय टोमॅटो, मिरची, काकडी किंवा भोपळ्याचे रोप कोणी जमिनीत लावत नाही. त्याआधी आठवडाभर उकडत असले आणि मोबाइलवर रात्रीचे तापमान बारा अंश दिसत असले, तरीही नाही. माझ्या कार्यालयातले इंजिनीयर, ज्यांचा मोजमापाशिवाय कशावर विश्वास नाही, तेही या एका बाबतीत सोफीचेच ऐकतात. कारण खोटे नाही: मेमध्येही निरभ्र, निवांत रात्री जमिनीतली उष्णता वर निघून जाते, जमिनीलगतची हवा शून्याखाली उतरते आणि पानांतले पाणी गोठून रोप सकाळी काळे पडते. पण १५८२ साली पंचांग बदलून दहा दिवस गाळले गेले, तेव्हा या तारखा मूळ हवामानापासून सरकल्या, म्हणून काही जण आणखी आठवडाभर थांबतात. शेजारच्या बागेतल्या आजी त्यांपैकी आहेत. मी १७ तारखेला मिरच्या लावत असताना त्या कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या, एकही शब्द बोलल्या नाहीत आणि जुनी चादर ठेवून गेल्या. आपल्याकडे मृगाची वाट पाहतात तसाच हा प्रकार आहे, तेव्हा बाबांना मी सांगते तेवढा विचित्र वाटणार नाही. एप्रिलभर रोपांच्या कुंड्या सकाळी बाहेर आणि संध्याकाळी आत कराव्या लागतात, एवढाच काय तो त्रास. पाठ अजिबात दुखत नाही.

कढीपत्ता आणि तुळस यांना मात्र सोफीचाही भरवसा नाही. त्या दोन्ही कुंड्या ऑक्टोबरपासून खोलीत, दक्षिणेच्या खिडकीत असतात. हिवाळ्यात कढीपत्त्याची पाने गळतात, तेव्हा घाबरून जास्त पाणी घालू नये, मुळे कुजतात. आईने घोसाळ्याचे आणि दुधी भोपळ्याचे बी राखेत घोळवून ठेवले आहे, हे वाचून फार बरे वाटले. पण ते कोणाबरोबरही पाठवू नये. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपात प्रवाशाच्या सामानातल्या रोपांना आणि बहुतेक सर्व बियांना रोगमुक्ततेचे सरकारी प्रमाणपत्र लागते, नाहीतर विमानतळावर ते काढून घेऊन नष्ट करतात. आईचे बी तसे जाण्यापेक्षा परसातच लावावे. मांडवावर चढले की फोटो पाठवावा.

एका कडेला अॅस्परॅगसही लावले आहे. ते आपल्या शतावरीच्या कुळातले आहे आणि त्याचे कोंब पहिली दोन वर्षे कापायचे नसतात. आईने त्यातून काही अर्थ काढू नये. रोपे आजींनी दिली आणि त्यांना नाही म्हणवले नाही. भाडेपट्टा मुदतीत आधी कळवून सोडता येतो आणि तेव्हा झाडांची किंमत करून नवा माणूस ते पैसे देतो.

छोटीच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. जूनमध्ये रजा नाही, हे खरेच कारण आहे. बागेचा त्याच्याशी संबंध नाही. लग्न मार्गशीर्षात धरावे, त्या वेळी इथे सगळे गोठलेले असते आणि मी तीन आठवडे नक्की येईन. मोठीच्या आधी धाकटीचे कसे, असे कोणी विचारले तर मीच आग्रह केला, असे सांगावे. ते खोटे नाही. फ्रँकफर्टच्या मुलाशी माझे दोनदा बोलणे झाले. माणूस समंजस वाटला, पण मी अजून काही ठरवलेले नाही, तेव्हा त्याच्या घरच्यांना शब्द देऊ नये.

घराच्या कर्जाच्या हप्त्यासह दीड लाख रुपये बाबांच्या खात्यात पाठवले आहेत. हप्ता वळता करून उरलेले मंगल कार्यालयाच्या आगाऊ रकमेसाठी धरावेत. दागिन्यांसाठी बाबांनी ठेव मोडू नये, मी ऑगस्टमध्ये आणखी पाठवते. गेल्या वर्षी दिवाळीला आले नाही त्याचे तिकिटाचे पैसेही त्यातच धरले आहेत. रक्कम जमा झाली की कळवावे, आणि गुडघ्याच्या डॉक्टरांकडे पुढच्या तारखेला जाण्याचे टाळू नये.

छोटीला आशीर्वाद, आत्यांना नमस्कार.

तुमची,
मोठी