कुरडयांवरून गेलेले बैल

आर्वी तालुका, जि. वर्धा
मे महिना, कूलरसमोर

प्रिय पक्या,

तुझा बारा मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला. दोन हप्त्यांत ऐकला, कारण मधात लाईन गेली आणि लाईनच्या मागं टॉवरही गेला. तर मला समजलं ते असं की तुला ऑनलाइन एक जुना सुपर ८ कॅमेरा, म्हणजे ८ एमएमच्या फिल्मवर सिनेमा काढायचा, दिसला आहे, विकणारा म्हणते वर्किंग कंडिशन, आणि तुला त्याच्यावर लहानीचं लग्न शूट करायचं आहे. व्हॉट्सॲपवर उत्तर लिहायला घेतलं तर संपेचना, म्हणून हे पत्र. लांब होणार आहे, चहा घेऊन बस.

पहिले लग्नाचं निपटवतो. नको करू बे. सुपर ८ चं एक कार्ट्रिज, म्हणजे फिल्मची बंद डबी, ५० फुटांचं, सेकंदाला १८ फ्रेमच्या स्पीडला ३ मिनिटं २० सेकंद चालते आणि २४ ला नेलं तर अडीच मिनिटांत खलास. आपल्याकडं एक मंगलाष्टक त्याहून लांब असते, आणि मामा माइक धरला की सोडत नाही हे तुला माहीतच आहे. वरून आवाज रेकॉर्ड होत नाही, मांडवात उजेड कमी, कमी उजेडात चालणारी ५०० नंबराची फिल्म मिळते पण ती रंगीत निगेटिव्ह, तिच्या जुन्या रोलांच्या पाठीला काळं कार्बनचं अस्तर असते, ते सोड्याच्या पाण्यात सोडवून काढावं लागते, घरी करायचं म्हणजे नुसता चिखल. लग्नाला ड्रोनवाला बोलावला आहे ना, बास झालं.

आता माझ्या कॅमेऱ्याचं, कारण तुझा सगळा प्रश्न तिथूनच सुरू झाला. हा मोठ्या काकांचा. काका भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये होते, रशियन इंजिनियर तिथं असत, त्यातल्या एकानं मायदेशी जाताना काकांना विकला. क्वार्ट्झ नाव, क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याचा. तुझ्या सुपर ८ च्या आधीची पद्धत आहे ही, डबल ८ म्हणतात. सुपर ८ आलं १९६५ मध्ये, त्यात कार्ट्रिज खटकन बसवलं की झालं. माझ्यात १६ एमएम रुंदीची २५ फुटी फिल्म, आधी अर्ध्या रुंदीवर चालते, मग चकरी काढून उलटी लावायची, मग उरलेल्या अर्ध्यावर. धुतल्यावर मधोमध उभी फाडायची. सगळं मिळून १६ फ्रेमच्या स्पीडला चार मिनिटांच्या थोडं वर.

आणि चावीचा कॅमेरा आहे, बॅटरीच नाही. हे मला लई आवडते. मागच्या मे महिन्यात वावरात फोनवर व्हिडिओ काढायला गेलो तर दहाव्या मिनिटाला फोन म्हणते मी गरम झालो, आणि बंद. ४५ डिग्रीत त्याची काय चूक म्हणा. क्वार्ट्झची चावी भरली की खर्रर्र करत चालते, पिठाच्या गिरणीचं पोरगं असल्यासारखा. पण फिल्मला तीच गरमी सोसत नाही, ती फ्रीजात ठेवावी लागते आणि वापरायच्या आधी दोन-तीन तास बाहेर काढून ठेवावी लागते, नाही तर ओल धरते. आमच्या फ्रीजात दोन डबे सांबाराच्या जुडीमागे असतात. आई म्हणते, "हे का विरजण होय का, फ्रीजात ठेवाले?"

खर्चाचं विचारलंस. ब्लॅक अँड व्हाइट डबल ८ चेक देशातली फोमा कंपनी अजून बनवते, ती मागवली. रोल, कुरिअर, कस्टम मिळून मला साडेतीन हजाराच्या आसपास पडला. २०२४-२५ ला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,१२१ होता, म्हणजे अर्धा क्विंटल कापूस दिला की चार मिनिटं आली. बाबांना हा हिशोब मी सांगितलेला नाही, तूही सांगू नको. आपल्या देशातही फिल्म बनत होती, ऊटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता, इंदू नावाचे रोल आपल्या स्टुडिओवाल्या काकांकडं असायचे, आठवते का पिवळ्या बल्बखालचं ते कपाट? तो कारखानाही बंद पडला.

उजेडाची गंमत ऐक. जुने फोटोवाले सांगतात की कडक उन्हात अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, १६ वर ठेवायचं आणि शटर फिल्मच्या नंबराएवढं, म्हणजे १०० च्या फिल्मला १/१०० सेकंद. पण १६ फ्रेमच्या स्पीडला शटर १/३० च्या आसपास उघडं राहते, तिप्पट उजेड आत. म्हणजे आपल्या दुपारी भोक बारीकात बारीक केलं तरी आकाश सगळं जळून जाते. लेन्सवर राखाडी काच लावावी लागते नाही तर सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच शूटिंग. कॅमेऱ्यावर उजेड मोजायचं सेलेनियमचं मीटर आहे, त्याला सेल लागत नाही, पण ते म्हातारं होऊन मेलं आहे, काटा हलतच नाही. मी फोनमधलं मीटरचं ॲप वापरतो. म्हणजे फोन सुटला नाहीच.

बरं, आता ती कुरडयांची भानगड. मागच्या पोळ्याला मी पहिली बाजू शूट केली, तोरणाखाली बैल, झुली, बेगड लावलेली शिंगं, मस्त. चकरी पलटवली, दिवाळीत दुसरी बाजू भरली. डबल ८ चं असं आहे की दोन्ही बाजू झाल्या की फिल्म परत पहिल्याच चकरीवर येते, दिसायला अगदी कोऱ्या रोलसारखी. मी डब्यात टाकली आणि डब्यावर लिहिलं नाही. एप्रिलात आई आणि काकू गच्चीवर कुरडया घालत होत्या, सकाळचा उजेड असा तिरपा की मी धावत खाली आलो, फ्रीजातून डबा काढला, दोन-तीन तासांचा नियम गेला खड्ड्यात, गोधडीखाली हात घालून रोल भरला आणि सगळी बाजू कुरडयांवर संपवली.

रोल धुतला मागच्या आठवड्यात. डबल ८ धुऊन देणारी लॅब आपल्या आसपास नाही, आणि मागं एका लॅबला पाठवलेला रोल चार महिन्यांनी न धुताच परत आला होता, म्हणून घरीच. डेव्हलपरला, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाला, २० डिग्री पाहिजे आणि आमच्या टाकीचं पाणी रात्री अकरालाही अंगाला चटका देते. माठाचं पाणी घेतलं आणि गोळेवाल्याकडून आणलेला बर्फ पन्नीत बांधून बादलीत सोडला. कोठीच्या खिडकीला दोन गोधड्या ठोकल्या, दार लावलं, पंखा नाही, आणि त्या अंधारात दहा मीटर फिल्म हातानं बादलीत कालवत बसलो, शेवया कालवतात तशी. घाम नाकावरून बादलीत पडू नये म्हणून मान वर करून. मग चित्र पक्कं करणारा हायपो, मग धुणं, मग बैठकीत या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत दोऱ्या बांधून वाळत घातली. ओरखडे तर पडलेच.

काकांच्या डब्यात फिल्म उभी फाडायचं छोटं यंत्र आहे, त्यातून ओढली, प्रोजेक्टरवर लावली, भिंतीवरचं फोनमध्ये घेतलं आणि निगेटिव्हचं पॉझिटिव्ह केलं. फोनचा आणि प्रोजेक्टरचा स्पीड जुळत नाही, म्हणून चित्र ट्यूबलाइटसारखं फडफडते. आणि त्या फडफडीत काय दिसलं सांगू? पांढऱ्या धोतरावर रांगेनं कुरडया, आईचा हात साचा दाबून राहिला आहे, आणि तिच्या हातावरून, कुरडयांवरून, आमच्या गच्चीवरून गावचे बैल सजून-धजून चालले आहेत. एकाही कुरडईला खूर लागत नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. आई म्हणे, "मंग? बैलायले नेवेद दाखोला म्हण."

तिला ते इतकं आवडलं की पाहुणे आले की लावायला सांगते. मी मात्र सात-आठ महिन्यांच्या अंतरानं दोन चांगल्या गोष्टी खराब केल्या, असंच अजून वाटते. दिवाळीची बाजू शाबूत आहे, पण तिच्यात पाहण्यासारखं काही नाही.

तू विचारलंस की एवढं करून मिळते काय. ते ग्रेन, ते "व्हिंटेज लुक" वगैरे मला सांगू नको, तो फोनमध्ये फुकट येते. मला जे मिळालं ते वेगळंच. शेजारच्या आबाजींना म्हटलं, कॅमेऱ्यासमोर या. फोन धरला असता तर त्यांनी मान वळवली नसती, आजकाल सगळेच फोन धरतात. हा लोखंडी डबा पाहून ते घरात गेले, दुपट्टा बदलला, बैलाजवळ येऊन उभे राहिले आणि श्वास रोखला. त्यांना वाटलं फोटो आहे. मी सांगणार होतो की आबाजी हला, चाला, पण चावी सुटली होती. बारा सेकंद माणूस पुतळ्यासारखा उभा, हलते फक्त दुपट्ट्याचं टोक आणि बैलाची शेपटी. मग खर्रर्र थांबली तेव्हा म्हणतात, "झाला का बाप्पा? डोये झोंबाले लागले." फोनवर माझ्याकडं आबाजींचे चाळीस व्हिडिओ असतील. त्यातला एकही मी दुसऱ्यांदा पाहिला नाही.

फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर कुंडीतल्या वाटाण्याचं रोप थोडं थोडं करून शूट केलं होतं, ते उगवताना दिसावं म्हणून. मलाही चळ भरला, म्हटलं आपण कापसाचं बोंड फुटताना घेऊ. एक-एक फ्रेम सोडायची सोय आहे. पण त्यांची कुंडी घरात होती आणि माझं बोंड वावरात, वाऱ्यानं प्रत्येक फ्रेमला झाड वेगळीकडं. बोंड फुटलं नाही, भूत लागल्यासारखं नाचलं.

काकांच्या जुन्या रिळांबद्दल मागं बोललो होतो ना. त्यातली तीन गेली, डबा उघडला की सिरक्याचा वास, फिल्म आकसून वाकडी. ॲसिटेटची फिल्म गरमीत आणि ओलीत अशीच सडते, आणि आपल्याकडं दोन्ही भरपूर. एक मात्र वाचलं. त्यात पुलगाव-आर्वीची छोटी रेल्वे लाईन आहे, दहा-एक सेकंद, खिडकीत कोणीतरी टरबूज खाऊन राहिलं. गाडी गेली, टरबूज आहे. फोन बदलताना माझे २०१७ चे सगळे फोटो उडाले, त्यात तुझा सायकलवरून पडल्याचाही होता, हे उगीच आठवलं.

तर तुझ्या कॅमेऱ्याचं. पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याला सेलच्या खाचेचा फोटो मागव, हिरवं दिसलं तर सोड. सुपर ८ च्या पुष्कळ कॅमेऱ्यांच्या मीटरला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता बनत नाही, दीड व्होल्टचा टाकला की मीटर खोटं बोलते. लेन्स टॉर्चवर धरायला सांग, जाळं दिसलं तर बुरशी आहे, आपल्या पावसाळ्यात ती वाढतेच. मोटारीचा आवाज व्हिडिओवर ऐक, अडखळली तर आतलं ग्रीस वाळलं. आणि तो सोबत "फ्री" देतो म्हणते ते जुने कोडॅक्रोमचे रोल घेऊन उड्या मारू नको. कोडॅक्रोम २००९ मध्ये बंद झालं आणि ते धुणारी जगातली शेवटची लॅब, अमेरिकेत कॅन्ससमध्ये, तिनं २०१० संपता संपता रोल घेणं थांबवलं. रंगीत धुवायची तिची पद्धतच संपली. कोडॅकचा नवा सुपर ८ कॅमेराही आहे, २०१६ ला जाहीर केला, बाजारात यायला पुढची सात-आठ वर्षं गेली, आला तेव्हा किंमत ५,४९५ डॉलर होती. तेवढ्यात आपल्याकडं जुना ट्रॅक्टर येते.

माझं ऐकशील तर आत्ता काहीच घेऊ नको. पोळ्याला ये, चार दिवस राह्य, क्वार्ट्झ तुझ्या हातात देतो. एक रोल माझ्याकडं आहे, पहिली बाजू तुझी. मग ठरव. हवं तर हळदीच्या दिवशी तुझी आई लहानीच्या हातात बांगड्या भरते तेवढं घेऊ, सकाळी, अंगणात, वीस सेकंद.

येताना पुण्याहून एक काळा मार्कर आण, पक्का, न पुसणारा. इथल्या दुकानातला डब्यावर टिकत नाही, मी पाहिलं लावून.

काकूंना नमस्कार, लहानीला आशीर्वाद.

तुझाच,
गजू