आई, मी रेस्क्यूला जाणारच

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, डोंगरात अडकलेल्यांना सोडवायला मी जाते म्हणून काल फोनवर तू रडायला लागलीस आणि मला नीट काही सांगताच आलं नाही, म्हणून लिहितेय. बाबा, तिला वाचून दाखवा.

शनिवारी संध्याकाळी आमच्या रेस्क्यूच्या ग्रुपवर मेसेज आला, रसाळगडावरून सुमारगडाकडे जाताना पुण्याचा एक मुलगा घसाऱ्यावरून खाली गेलाय, पाय मोडलाय. पाऊस संपून गवत वाळायला लागलंय ना, त्यावर बुटाला पकडच मिळत नाही. त्याच्या मित्रांनी फार शहाणपणा केला, त्याला अजिबात हलवलं नाही आणि एकजण रेंज मिळेपर्यंत वर चढून गेला, तिथून लोकेशन टाकलं.

आम्ही खेडहून पोचलो तर वाडीतली माणसं आधीच कोयते, बॅटऱ्या घेऊन तयार. दोर, हार्नेस, हेल्मेट, स्ट्रेचर सगळं आमच्याकडे असतं गं, पण रात्रीची त्या रानातली वाट त्यांनाच माहीत. एक धनगर काका पुढे झाडी तोडत चालले होते, मधेच थांबून "हितं पाय बघून" एवढंच म्हणायचे. बातमीत त्यांचं नाव कधी येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पोरगा थंडीने कुडकुडत होता. मी पायाला दोन्ही बाजूंनी बांबूच्या कामट्या लावल्या, वरून त्याचीच मॅट गुंडाळून पट्ट्या बांधल्या, मग मोजा काढून अंगठ्याचं नख दाबून बघितलं, दाबलं की पांढरं पडतं आणि सोडलं की लगेच गुलाबी व्हायला हवं, म्हणजे रक्त पोचतंय. झालं गुलाबी! तो सारखा एकच विचारत होता, ताई, माझ्या आईला कळवलंय का.

खरा वेळ उतरण्यात जातो. स्ट्रेचरला एका वेळी सहाजण, हात भरून आले की दुसरे सहा, आणि उतार उभा असला की झाडाला दोर बांधून, एक मुख्य आणि एक बॅकअपचा, हळूहळू खाली सोडायचं. एरवी तासाभराच्या वाटेला अख्खी रात्र गेली, खाली १०८ ची अँब्युलन्स उभी होती.

तू म्हणतेस दुसऱ्यांच्या पोरांसाठी जीव कशाला धोक्यात घालतेस. २०१८ ला आंबेनळी घाटात आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली, तेव्हा खाली उतरून मृतदेह वर आणणाऱ्यांत ट्रेकर्सच पुढे होते. तूच म्हणाली होतीस, या पोरांचे उपकार कसे फेडायचे. त्यांनाही आया असतीलच ना गं? आणि बाबा, हर्णैला एखादी होडी वेळेत परतली नाही की तुम्ही कुणी बोलवायची वाट बघायचात का, डिझेल कुणाचं हे तरी विचारलंत कधी? मी तेच बघत मोठी झालेय.

आम्ही आंधळेपणाने उड्या मारत नाही. लीडर थांब म्हणाला की थांबायचं, हेल्मेटशिवाय कुणी उतरायचं नाही, यात कुणाचं काही चालत नाही. यापुढे निघताना तुम्हाला मेसेज टाकेन आणि खाली आले की आधी फोन करेन, हा शब्द.

मुलाचं ऑपरेशन झालंय, रॉड घातलाय, बरा आहे. दिवाळीला येतेय, सुके बोंबील काढून ठेव. आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्या चुकवू देऊ नकोस.

तुमची,
ताई