बाबांच्या पेशी आणि डासाची थुंकी

ब्लॅक्सबर्ग, व्हर्जिनिया

ती. बाबा आणि सौ. आईस, सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "एवढं शिकून डासच पाळतेस ना?" पाळते खरी. आपल्याकडे अळ्या खायला आशाताई हौदात गप्पी मासे सोडतात आणि मी इथे माशांचं खाणं बारीक कुटून अळ्यांना भरवते!

आमचा डास म्हणजे तुमच्या डेंग्यूवाल्या डासाचा चुलत भाऊ. ओकच्या ढोलीत साठलेल्या पाण्यात वाढतो, नाहीतर परसात टाकलेल्या जुन्या टायरात. तो 'ला क्रॉस' नावाचा विषाणू पसरवतो, त्याने लहान मुलांच्या मेंदूला सूज येते. विषाणू मादीकडून थेट अंड्यात उतरतो, त्यामुळे इथला बर्फाचा हिवाळाही अंड्यातच काढतो. चिवट आहे मेला.

पण मला तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच. विषाणू अंगात भिनला की मादीचं चावणं बदलतं. 1980 साली छापलेल्या एका प्रयोगात लागण झालेल्या माद्या सोंड जास्त वेळा खुपसत होत्या आणि रक्त मात्र कमी पीत होत्या. खुपस, काढ, पुन्हा खुपस. पोट भरत नाही, पण दर खेपेला आधी थुंकी आत जाते आणि विषाणू असतो त्या थुंकीतच. उपाशी राहते ती, फावतं त्याचं.

असं का होतं, ते शोधायला तिच्या डोक्यातली रसायनं मोजतात. मेंदू खसखशीच्या दाण्याहून लहान. चिमटा धरताना मी श्वाससुद्धा रोखते. त्यात सिरोटोनिन असतं, आपल्या मेंदूत असतं तेच. डेंग्यूच्या डासात सिरोटोनिनवाल्या नसा लाळेच्या ग्रंथींपर्यंत जातात. ते कमी केलं की लाळ कमी सुटते आणि रक्त पिणं फसतं, हे प्रयोगात दिसलंय. विषाणूचा हात तिथवर पोचतो का, हाच तर प्रश्न.

आणि बाबा, ही लाळ काय करते माहितेय? आपल्या रक्तातल्या प्लेटलेट्सना एकत्र चिकटू देत नाही, म्हणजे रक्त वाहतं राहतं. गेल्या पावसाळ्यात तुमच्या डेंग्यूत रिपोर्ट आला की आपण सगळे "पेशी किती?" विचारायचो ना, त्याच पेशी. तुम्ही नाक दाबून पपईच्या पानांचा रस प्यायलात, आई दारामागे रडली, आणि मी इथे रात्रभर फोन उशाशी घेऊन. त्या पेशींशी डासाचं वैर चावतानाच सुरू होतं, हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून जरा खिडकीत जाऊन उभी राहिले.

आई, आता तुझ्यासाठी. डेंग्यूच्या डासाला माणसाचा वास द्यायचा आणि थपडेसारखा हादरा द्यायचा, असं केलं तर तो दिवसभर त्या वासापासून लांब राहतो. हे शिकायला त्याला डोपामिन लागतं, तेही मेंदूतलंच एक रसायन. तेव्हा तू ज्या त्वेषाने फटके मारतेस ते चालू ठेव, नेम चुकला तरी. फक्त मग डास बाबांकडे वळतील, त्यांना पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला लाव.

फ्रिजमागच्या ट्रेमधलं पाणी ओतलंत का? कोरडा दिवस नुसता हौदापुरता पाळू नका.

तुमची,
मनू